‘नको’ म्हणण्याची सोय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद केल्या. तेव्हा जगातले साधारण चाळीस टक्के विंडोज संगणक याच प्रणालीवर चालत होते. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना विंडोज ११ कडे जाण्याची वाट अधिकृतपणे बंद आहे. ती यंत्रे मोडलेली नाहीत. त्यांवर टॅली चालते, एक्सेल चालते, श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवता येते, सातबाऱ्याची प्रिंट निघते. त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही, किंवा त्यांचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, एवढाच त्यांचा दोष. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज मांडला होता, की या बदलामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील.

विंडोजविषयीची तक्रार आपल्याकडे किरकिर म्हणून बाजूला सारली जाते. नवे आले की थोडे दिवस अडखळायला होते, मग सवय होते, असे समजूतदार माणसे सांगतात. काही बाबतीत ते खरेही आहे. स्टार्टचे बटण मध्यभागी आले याचे दुःख करण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येते. पण टास्कबार पडद्याच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेला लावण्याची जुनी सोय विंडोज ११ आणताना काढली गेली. उघडलेल्या प्रत्येक खिडकीचे नाव टास्कबारवर वेगळे दिसण्याची सोय २०२१ मध्ये गेली आणि लोकांनी ओरड केल्यावर २०२३ मध्ये परत आली. राइट-क्लिकच्या मेनूतले नेहमीचे पर्याय आणखी एका क्लिकच्या मागे गेले. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या डीटीपी ऑपरेटरला किंवा हिशेबनिसाला हे टोचते आणि त्यांचा राग रास्त आहे. तरी मला जिच्याबद्दल लिहायचे आहे ती तक्रार या जातीची नाही. मालकाने न सांगितलेली गोष्ट संगणक करतो, आणि ती थांबवायची म्हटली तर पडद्यावर तसा पर्यायच सापडत नाही, ही ती तक्रार. रचना आवडणे-नावडणे हा रुचीचा भाग झाला. नकार देता न येणे हा मालकीचा प्रश्न आहे. तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे तो उद्भवला असता तर मी गप्प बसलो असतो, पण तो विचारपूर्वक घेतलेल्या व्यापारी निर्णयांतून उद्भवला आहे.

खात्यापासून सुरुवात करू. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. २०२२ पासून वैयक्तिक वापराच्या प्रो आवृत्तीलाही तीच अट आली. पूर्वी संगणकाला नाव द्यायचे, हवा तर पासवर्ड घालायचा आणि कामाला लागायचे, एवढे पुरत असे. ते खाते त्या यंत्रापुरतेच असे. विंडोज ११ मध्येही तसे खाते उघडण्याचे आडमार्ग जाणकारांनी शोधले होते, पण २०२५ मध्ये कंपनीने चाचणी आवृत्त्यांतून तेही एकामागून एक काढून टाकले.

आता तालुक्याच्या गावातले संगणकाचे दुकान डोळ्यांसमोर आणा. ग्राहक येतो आणि ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ म्हणतो. दुकानातला मुलगा समोर आलेली अट पुरी करण्यासाठी तिथल्या तिथे नवे खाते उघडतो, कधी ग्राहकाच्या मोबाइल नंबरावर, कधी दुकानाच्याच ईमेलवर. ग्राहकाला त्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नसतो. तो ठाऊक असायला हवा याचीही कल्पना नसते, कारण संगणक रोज चार आकडी पिनवर उघडतो. पण विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, विंडोज नव्याने टाकून अशा खात्याने प्रवेश केला, की बहुतेक यंत्रांत डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते आणि ते उघडण्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. एरवी याचा पत्ताही लागत नाही. मग कधीतरी बायोसमध्ये काही बदल होतो किंवा एखादे अपडेट बिघडते, आणि संगणक सुरू होतानाच निळ्या पडद्यावर ती किल्ली मागतो. जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांवर नेमके हेच घडले आणि कंपनीने ते मान्यही केले. ज्याला खाते आठवते तो दुसऱ्या यंत्रावरून किल्ली शोधून आणतो. ज्याला आठवत नाही त्याचे लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, पीएचडीचा प्रबंध डिस्कवर जसेच्या तसे पडून राहतात आणि ते वाचण्याचा मार्ग उरत नाही.

एन्क्रिप्शनला माझा विरोध नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर आतल्या कागदपत्रांचे रक्षण तेच करते. पण इतक्या मोठ्या परिणामाची गोष्ट मालकाला सरळ भाषेत न विचारता चालू करायची, किल्ली कुठे ठेवली हे त्याला कागदावर लिहून घ्यायला लावायचे नाही, आणि पुढे तो अडला की जबाबदारी त्याच्या विसरभोळेपणावर टाकायची, हे चालवून घेण्यासारखे नाही. फ्लॅटचा ताबा देताना नवे कुलूप बसवून किल्ली स्वतःच्या कार्यालयात ठेवणाऱ्या बिल्डरचे हे वागणे सोसायटीने कधीच चालवून घेतले नसते.

खाते दुसऱ्याच्या हाती असण्याचा आणखी एक अर्थ जुलै २०२५ मध्ये देशाला दिसला. गुजरातमधल्या वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या भारतीय कंपनीच्या ईमेल आणि टीम्सच्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. प्रश्न तिथे क्लाउड सेवांचा होता, टेबलावरच्या संगणकाचा नव्हता. परंतु टेबलावरचा संगणक उघडण्यासाठीही तशाच खात्याची अट घालत गेलो, तर हा फरक दर वर्षी पुसट होत जाणार. नायराकडे वकील होते. शिरूर किंवा सावंतवाडीच्या झेरॉक्सवाल्याचे खाते एखाद्या यांत्रिक तपासणीत अडकले तर तो कोणत्या न्यायालयात जाईल?

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची गोष्ट याच खात्याला जोडलेली आहे. २०२४ पासून नवा संगणक सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर न विचारता वनड्राइव्हवर चढवायला सुरुवात होते, असे वापरणाऱ्यांच्या लक्षात आले. मोफत जागा पाच जीबी. आपल्याकडे असंख्य घरांत संगणकाला इंटरनेट मिळते ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, आणि त्या मोबाइलचा रोजचा डेटा ठरलेला असतो. मुलांचे वाढदिवसाचे व्हिडिओ वर चढू लागले की दुपारपर्यंत डेटा संपतो, आणि संगणक ‘स्लो’ का झाला ते घरात कोणालाच कळत नाही. थोड्या दिवसांनी पाच जीबी भरतात आणि जागा विकत घेण्याची सूचना येऊ लागते. कंटाळून कोणी ही सोय बंद करतो, तर बऱ्याचदा डेस्कटॉप एकदम मोकळा दिसतो. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. त्या क्षणी माणसाच्या पोटात जो गोळा येतो, त्याची नोंद कोणत्याही विक्री-अहवालात होत नसणार.

न विचारता आलेल्या गोष्टी इतरही आहेत. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट मेनूतल्या ‘शिफारस’ विभागात स्टोअरमधल्या अॅप्सच्या जाहिराती येऊ लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने ‘रीकॉल’ जाहीर केले. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे, म्हणजे मागे काय पाहिले होते ते शोधता येईल, अशी ती योजना. सुरक्षा-तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा टिपलेला मजकूर चोरणे किती सोपे आहे ते उघड झाले. कंपनीने योजना पुढे ढकलली, आधी विचारल्याशिवाय ती चालू होणार नाही असे ठरवले, नोंदींना एन्क्रिप्शनचे संरक्षण दिले आणि एप्रिल २०२५ मध्ये ती निवडक नव्या संगणकांवर आणली. विचारण्याची अट नंतर जोडता आली, म्हणजे ती आधीही जोडता आली असती.

हे सगळे अलीकडचे आहे असेही नाही. विंडोज १० ला २९ जुलै २०१५ रोजी सुरुवात झाली. पहिले वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना ते मोफत होते आणि ते घ्या म्हणून सांगणारी खिडकी वारंवार उघडत असे. २०१६ मध्ये त्या खिडकीचे वागणे असे झाले, की कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळी नवी प्रणाली चढण्याचा बेत कायम राही. फुली म्हणजे नकार, हा अर्थ विंडोजनेच वीस वर्षे लोकांच्या हातांना शिकवला होता. तो अर्थ कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी बदलला. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास व्यावसायिक महिलेचा संगणक न मागता चढलेल्या विंडोज १० मुळे निकामी झाला, ती न्यायालयात गेली आणि तिला दहा हजार डॉलर मिळाले. मला २०१६ ची ही घटना पुढच्या सगळ्याचे मूळ वाटते. पडद्यावरच्या बटणावर लिहिले आहे तेच ते करील, हा भरवसा तिथे तुटला.

कंपनीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर कोसळले. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे दुसरे घातक सॉफ्टवेअर आले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. अपडेट टाळणाऱ्या माणसाचा संगणक इतरांनाही धोका ठरतो, हे या दोन हल्ल्यांनी दाखवले. म्हणून सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसाव्यात, त्या कायमच्या थांबवता येऊ नयेत, असे कंपनी म्हणते तेव्हा मी तिच्या बाजूने आहे.

पण नॉटपेट्याचा पूर्ण इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरले होते. अपडेट ही विश्वासाची वाट आहे. डोळे मिटून जे आत घेतले जाते ते त्याच वाटेने येते, म्हणून त्या वाटेवरून काय पाठवायचे याबाबत पाठवणाऱ्याने कमालीचे कडक असायला हवे. विंडोजमध्ये उलटे झाले. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ साठीही दुरुस्त्यांचा महिन्याचा एकत्र गठ्ठा येऊ लागला आणि ही दुरुस्ती घेतो, ती नको, असे ठरवण्याची घरगुती वापरणाऱ्याची सोय संपली. विंडोज १० मध्ये ती पहिल्यापासून नव्हतीच. मग याच वाटेने नवे रूप, नवे अॅप, स्टार्ट मेनूतल्या जाहिराती, कोपायलट या एआय-मदतनिसाचे चिन्ह असे सगळे येऊ लागले. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या कागदपत्रांच्या फायलीच पुसल्या आणि कंपनीला वाटप थांबवावे लागले. अशा अनुभवानंतर माणूस काय करतो? तो दुकानदाराला सांगतो, ‘अपडेट बंदच करून द्या.’ दुकानदार करून देतो. सुरक्षेच्या नावाखाली विक्रीचा माल पाठवल्याने सुरक्षेचेच नुकसान झाले, आणि त्यासाठी अडाणी ग्राहकाला दोष देणे मला अन्याय्य वाटते. त्याने त्याच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष तर्कशुद्ध आहे.

कंपनी असे का करते, याचे उत्तर फार गूढ नाही. विंडोजचे पैसे बहुतेक ग्राहक संगणक घेताना एकदाच देतात, तेही संगणकाच्या किमतीत मिसळून. त्यानंतर सात-आठ वर्षे त्या यंत्राला दुरुस्त्या पुरवायच्या, आणि ग्राहकाकडून नवा पैसा नाही. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा महसूल २८१ अब्ज डॉलरांवर गेला. त्यात एकट्या अझूर या क्लाउड सेवेचा वाटा ७५ अब्जांहून जास्त होता. अशा कंपनीच्या लेखी डेस्कटॉप हा स्वतंत्र माल उरत नाही, दुसरा माल विकण्याची जागा होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी विंडोज ‘एजंटिक’, म्हणजे एआयच्या हाती कामे सोपवणारी, प्रणाली होत असल्याचे समाजमाध्यमावर लिहिले. लोकांच्या प्रतिक्रिया इतक्या कडवट होत्या की प्रतिसादांची सोय बंद करण्यात आली. आधी आहे ते नीट चालू द्या, हा त्या प्रतिक्रियांचा सूर होता.

हे टाळता येण्यासारखे आहे का? आहे, आणि त्याचे पुरावे खुद्द कंपनीनेच तयार केले आहेत. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याची बंधने मार्च २०२४ पासून लागू झाल्यावर तिथल्या विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकता येतो, स्टार्ट मेनूतला बिंगचा शोध बंद करता येतो. प्रणाली तीच आहे. पहिल्यांदा सुरू करताना कोणता प्रदेश निवडला, त्यावर मालकाचे अधिकार ठरतात. लिस्बनमध्ये जे बटण आहे ते लातूरमध्ये नाही, आणि या फरकाला तंत्राचे कोणतेही कारण देता येत नाही. विंडोज १० च्या वाढीव दुरुस्त्यांचेही तसेच. ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षासाठी आपल्याकडे तीस डॉलर किंवा एक हजार रिवॉर्ड गुण द्या, नाही तर संगणकाच्या सेटिंग्ज खात्यावर चढवा, अशी अट घातली गेली. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर ते वर्ष मोफत झाले. खात्याची गरज मात्र तिथेही ठेवली आहे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा पुरावा. एलटीएससी नावाची विंडोजची एक आवृत्ती आहे, मोठ्या संस्थांसाठी आणि एटीएम, वैद्यकीय उपकरणे अशा यंत्रांसाठी. तिच्यात वर्षानुवर्षे नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. स्टोअर नाही, कोपायलट नाही, न मागितलेले खेळ नाहीत. विंडोज १० च्या आयओटी एलटीएससी २०२१ या आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे ज्या प्रणालीचे आयुष्य संपले असे सामान्य माणसाला सांगितले, तिच्याच एका भावंडाची काळजी कंपनी आणखी सहा वर्षे घेणार आहे. शांत, स्थिर, मालकाचे ऐकणारे विंडोज बनवता येते, बनलेलेही आहे. ते घरगुती ग्राहकाला विकले जात नाही.

लिनक्स घ्या, हा सल्ला लगेच येतो. तो चुकीचा नाही. केरळमधल्या सरकारी शाळांनी तो अनेक वर्षांपासून पाळला आहे. तिथले दोन लाखांहून अधिक शालेय संगणक मुक्त प्रणालीवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ ही तशीच प्रणाली स्वीकारली. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि थोडे हिशेब एवढेच आहे, त्यांनी जुना संगणक फेकण्याआधी लिनक्स मिंट जरूर टाकून पाहावे. पण मराठी छपाईच्या जगातल्या माणसाला हा सल्ला देताना मला संकोच वाटतो. युनिकोडपूर्व फाँटांमध्ये जुळवलेली हजारो पाने, श्रीलिपी आणि आयएसएममधली वीस वर्षांची पुस्तके, टॅलीतला हिशेब, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर हे सगळे विंडोजला बांधलेले आहे. ‘पटत नसेल तर सोडा’ हे उत्तर ज्याला सोडता येते त्यालाच लागू पडते. ज्याला सोडता येत नाही त्याच्यासाठी नियम असावा लागतो.

आणि नियम आपल्याकडे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवणाऱ्या वा भाग पाडणाऱ्या तेरा युक्त्या त्यांत नोंदवल्या आहेत. व्यापारी फायद्यासाठी पुन्हा पुन्हा विचारून भंडावून सोडणे ही त्यांतली एक. नकाराचा पर्याय न देता केलेली मागणी तिथे उदाहरण म्हणून दिली आहे. घेतलेल्या वस्तूशी संबंध नसलेल्या सेवेसाठी नाव नोंदवायला भाग पाडणे ही दुसरी. विंडोजची ‘नंतर आठवण करा’ एवढाच पर्याय देणारी खिडकी आणि सुरुवातीची खात्याची सक्ती या दोन्ही या व्याख्यांवर घासून पाहायला हव्यात. आतापर्यंत या तत्त्वांची चर्चा मुख्यतः खरेदीची संकेतस्थळे आणि तिकिटांच्या अॅपपुरती झाली. ज्या प्रणालीवर ही सगळी संकेतस्थळे उघडतात, तिच्याकडे कोणी बोट दाखवलेले फारसे दिसत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी हे प्रकरण हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सरकारच्या हातात त्याहून जवळचे साधन आहे, ते म्हणजे खरेदी. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांच्यासाठी राज्यात संगणक निविदा काढून घेतले जातात. त्या निविदांत प्रोसेसर किती वेगाचा आणि मेमरी किती, हे बारकाईने लिहिलेले असते. त्याच्याच खाली आणखी काही ओळी लिहिता येतील: सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते खोक्यावर छापावे, संगणक बाहेरच्या खात्याशिवाय सुरू व्हावा, एन्क्रिप्शनची किल्ली लेखी स्वरूपात शाळेच्या ताब्यात द्यावी, आणि सुरक्षा दुरुस्त्या नव्या वैशिष्ट्यांपासून वेगळ्या घेता याव्यात. यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने पुढच्या खरेदीच्या वेळी एवढे लिहिले तरी चालेल.